बसूच्या वाटचं

ईश्वरी पूर्णेहून आली ती नागचतुर्थीच्या दुपारी, हातात एक पिशवी आणि पोटात एक बातमी घेऊन. पिशवी तिनं ओसरीवरच टाकली. बातमी मात्र उद्याच्या सणाचं पुरण वाटून होत आलं तरी दाबून ठेवली. हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं. नणंद गप्प बसली की कुठंतरी बिघडलेलं असतं, एवढं त्रिवेणी या घरात नांदून शिकली होती. ती पुरणयंत्राची मूठ फिरवत राहिली.

"वैनी," शेवटी ईश्वरीच म्हणाली, "बसू हैदराबादला जायचं म्हणायलाय."

त्रिवेणीचा हात थांबला. "कशाला?"

"कशाला म्हंजे? कामाला. ह्यांच्या वळखीचं कुणीतरी हाय तिथं गोदामात. परवा फोन केलता त्यानं ह्यान्ला. म्हणला, दाजी, ह्या खेपेला मासे नीट निघाले तर ठीक, न्हाईतर तळं मोडतो, तळ्याचा कागद विकून टाकतो आन् जातो. इथं ऱ्हाऊन तरी काय करू, बोलायला माणूस न्हाई."

शेवटचं वाक्य बसूचं की ईश्वरीनं पदरचं घातलेलं, हे कळायला मार्ग नव्हता. पण लागायचं ते लागलं. त्रिवेणीनं पुन्हा मूठ फिरवली, तर यंत्रात पुरण उरलंच नव्हतं.

त्रिवेणी या घरात आली तेव्हा सासूबाई शिवम्मा अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि धाकटा दीर बसवेश्वर दात येण्याच्या वयाचा होता. सासूबाई गेल्या आणि बसू तिच्या कडेवर वाढला. तिला स्वतःला मूल झालं नाही. त्याची हळहळ बायकांनी केली तेवढी तिनं केली नाही, कारण तिची कड कधी रिकामीच नव्हती. तिचा नवरा शिवमूर्ती, ज्याला सगळं घर आण्णा म्हणायचं, तो तर या धाकट्या भावाला ताटात घेऊनच जेवायचा. पोरगं दोन घास खाऊन पळायचं आणि मागं राहिलेलं उष्टं आण्णा संपवायचे. लेकराचं अन्न टाकू नाही, म्हणायचे.

आणि मग ते तळं झालं. मोसंबीला पाणी पाहिजे म्हणून बसूनं आपल्या वाटणीच्या रानात शेततळं खोदलं, त्यात प्लास्टिकचा कागद अंथरला, आणि पाणी भरल्यावर त्यात मासे सोडले. रोहू, कटला, आणखी कुठले कुठले. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि तळ्यात मासे! गावाला पुढं कितीतरी दिवस दुसरा विषय लागला नाही. आण्णा एकदाच बोलले. ज्या घरात लिंगपूजा होते, त्या घरात मासळीला लागलेल्या हाताचं ताट मांडलं जाणार नाही, म्हणाले. बसूनं वाद घातला नाही. तो स्वतः मासा तोंडात घालत नाही, हेही सांगितलं नाही. कपडे उचलले आणि रानातल्या आखाड्यावर, शेतवस्तीच्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेला. त्याला तीन वर्षं झाली.

विहीर तेवढी सामाईक राहिली. पाण्याच्या पाळ्या ठरल्या. पाळी संपली की मोटारीच्या पेटीची किल्ली विहिरीवरच्या कडुलिंबाच्या फांदीला अडकवायची, दुसऱ्यानं येऊन काढून न्यायची. दोघं भाऊ एकमेकांशी जे काही बोलत होते, ते एवढंच.

अशा वेळी बाईनं स्वैपाक कमी करायला शिकावं. त्रिवेणीला ते साधलं नाही. बसूच्या वाटचं रोज शिजत राहिलं. सुरुवातीला एकदा ती डबा घेऊन आखाड्यावर गेली, तर त्यानं हात लावला नाही. "वैनी, चोरून नको," म्हणाला. "घरात बोलावून वाढशील तवा जेवीन." डबा घेऊन ती परत निघाली, तळ्याच्या बाभळीखाली थोडी बसली, डोळे पुसले आणि डबा पाण्यात रिकामा केला. मासे आले, बघता बघता सगळं खाऊन गेले. त्याचे मासे जेवले म्हणजे तोच जेवला, असं तिनं तिथं बसून मनाशी ठरवून टाकलं. तेव्हापासून तो तिचा नेम झाला. आण्णांची भाकरी घेऊन रानात जायचं, बसू कुठं इकडंतिकडं असेल ती वेळ साधायची आणि बाभळीच्या कोपऱ्यात त्याच्या वाटचं वाढायचं. हे कुणाला माहीत नव्हतं. आता तर श्रावण होता, ईश्वरी येणार म्हणून आठवडाभर घरात गोडाधोडाचं चाललं होतं, आणि तळ्यातही तसंच चाललं होतं.

दिवेलागणीला आण्णा जेवायला बसले. ईश्वरीला भावाचा उपवास होता, ती समोर नुसती बसली.

"आण्णा, म्या उपास दोघांचा धरलाय."

"धर की. म्या कुठं न्हाई म्हणलो?"

"उद्या सोडायचा कुणाच्या तोंडाकडं बघून? एक भाऊ घरात आन् एक आखाड्यावर."

"तू पूर्णेला ऱ्हातीस. इथलं तुला काय म्हाईत?"

"पूर्णेला ऱ्हाते म्हणूनच सांगायले. रेल्वेच्या क्वार्टरात माझी दोन्ही लेकरं शेजारी जाऊन मासे खातेत. मला म्हाईत हाय, ह्यान्ला म्हाईत हाय. आता मलाबी बाहीर बसवा."

त्रिवेणी थक्क होऊन बघत राहिली. तीन वर्षांपूर्वी याच ओसरीवर आण्णांच्या बाजूनं सगळ्यात मोठ्यानं बोलली होती ती हीच ईश्वरी. तेव्हा तिची लेकरं लहान असतील, दुसरं काय!

आण्णांचा घास हातात तसाच राहिला. मग त्यांनी तो खाल्ला, ताटात पाणी घातलं, बोटांनी ताट धुतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. अन्नाचा कण वाया जाऊ द्यायचा नाही हा त्यांचा जन्माचा नेम.

"बसू हैदराबादला जायलाय," ईश्वरी म्हणाली.

"जाऊ दे की. कुणाचे पाय धरायचे न्हाईत." आण्णा उठून ओसरीच्या कडेला जाऊन उभे राहिले. आठवडा झाला, आभाळ येऊन बसलं होतं, बरसत नव्हतं आणि हलतही नव्हतं. मग कुणाकडं न बघता म्हणाले, "तिथलं पाणी कसं आसतं कुणाला ठाव. पाणी बदललं की त्याला खोकला व्हतो."

हे ऐकून त्रिवेणीला रडावं की या माणसाला चांगलं झाडावं, कळेना. तिनं ताट उचललं आणि आत गेली.

पंचमीच्या सकाळी उजाडलं तरी दिवस कुठून वर आला ते दिसलं नाही. झाडाचं पान हलत नव्हतं. या दिवशी घरात तवा टाकायचा नाही, चिरायचं-कापायचं नाही. त्रिवेणीनं पुरणाच्या दिंडांचा पहिला घाणा उकडून उतरवला आणि लाह्या-दुधाचं ताट घेऊन ती वारुळाकडे निघाली. वारूळ आण्णांच्या बांधाला आणि बांधापलीकडे बसूचं तळं. पदराखाली डबा होता. सणाचा म्हणून रोजच्यापेक्षा मोठा.

बांधावर चढली आणि तिचा जीव सुपाएवढा झाला. सगळं तळं वर आलं होतं! रोज तिच्या कोपऱ्यात थोडे मासे जमायचे. आज या काठापासून त्या काठापर्यंत नुसती तोंडं होती, आ वासलेली, उघडझाप करणारी. सण यांनाही कळला म्हणायचा.

"आलास का रे जेवायला," ती मोठ्यानंच म्हणाली, आणि वारुळाच्या आधी लाह्या तळ्याला वाहिल्या. मग डबा उघडला, दिंडं कुस्करून टाकली, वरण-भात टाकला.

लाह्या पाण्यावर पांढऱ्या पसरल्या. एकाही माशानं तोंड लावलं नाही. एका मोठ्या रोहूनं एक लाही नाकानं बाजूला सारली आणि तो तसाच आ वासून राहिला.

"वैनी! थांब! काय टाकायलीस?"

बसू पलीकडच्या काठानं पळत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे लाल. तिला समोर बघून तो एक क्षण पाणी विसरला, तीही विसरली. मिशीत एक पांढरा केस आला होता. तो कधी आला, हे तिला माहीत नव्हतं.

"जेवायला आल्यात ना रे," ती म्हणाली.

"जेवायला न्हाई आल्यात. हवा घ्यायला आल्यात. दम कोंडलाय त्यांचा." तो काठावर पालथा पडला आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. "हे बघ. एवढा हात आत घातला तर तळवा दिसाया पायजे. दिसतो का?"

तळवा दिसत नव्हता, मनगटही दिसत नव्हतं. पाण्याचा रंग चहासारखा झाला होता आणि त्याला आंबल्याचा वास येत होता.

"ऊन आसलं की पाण्यातलं शेवाळ हवा सोडतं. आभाळात सोडत न्हाई. म्हणून म्या समदं खाद्य बंद केलं. शेण न्हाई, सरकीची ढेप न्हाई, दाणा न्हाई. हवा मारायचा पंखा हाय, त्याची मोटार जळाली. सेलूला वायंडिंग भरायला टाकली, तर आज पंचमी, दुकान बंद. ते जाऊ दे. पण खाद्य बंद हाय तर पाणी एवढं सडाया नको व्हतं. खाली काहीतरी कुजायलंय, त्ये उरलीसुरली हवा खायलंय. काय कुजायलंय? रातभर डोकं लावलं, कळंना."

त्यानं बांबू घेतला आणि बाभळीच्या कोपऱ्यात तळाला ढवळला. बुडबुड्यांचा फेस वर आला. बांबूच्या टोकाला काळा लगदा चिकटून आला, आणि त्या लगद्यात भाताची शितं होती.

त्रिवेणीनं शितं ओळखली. हातात रिकामा डबा होता, तो कुठं लपवावा हे कळेना. मग लपवून तरी काय करायचं, असं वाटलं.

"म्या टाकलं," ती म्हणाली.

"काय?"

"तुझ्या वाटचं."

तिनं सांगितलं. रोज कसं शिजायचं, कुणाच्या घशाखाली कसं उतरायचं नाही, इथं येऊन कसं बरं वाटायचं. सांगताना मागचं पुढं झालं. "मला काय म्हाईत रे," ती म्हणाली, "जेवाया घातलं तर जीव जातो म्हणून?"

"कवापासून?"

"तू घरातून गेल्यापासून."

बसू खाली बसला. आणि हसायला लागला. "आयला! म्या सेलूच्या लोकान्ला सांगत फिरलो, बाभळीच्या सावलीत मासा दांडगा व्हतो म्हणून. दोघा-चौघांनी तळ्यावर बाभळी लावल्यात, वैनी!" हसता हसता त्याचा आवाज बदलला. त्यानं ओंजळीनं तेच घाण पाणी तोंडावर मारलं आणि तोंड बराच वेळ झाकून ठेवलं. तो रागावला असता तर त्रिवेणीला सोसलं असतं.

कोपऱ्यातला मघाचा मोठा रोहू एका अंगावर कलला. त्याचं पांढरं पोट दिसलं.

"मोठ्याला हवा जास्त लागती," बसू म्हणाला. "पहिले त्येच जातेत."

म्हणजे तिनं जेवू घातलेलेच. तिनं डोळे मिटले. "काय केलं म्हंजे वाचतील?"

"ताजं पाणी पायजे. उंचावरून पाडायचं, फुटत फुटत, म्हंजे त्ये हवा घेऊन खाली येतं. पाईप बांधून ठिवलाय म्या. पण पाळी आण्णाची हाय."

"मग माग की!"

"एवढ्या दिसात एकदाबी पाळी मोडली न्हाई म्या. आन् मागू कशासाठी? माशासाठी? आण्णाला? कसं मागू, तूच सांग."

त्याचं म्हणणं तिला कळत होतं. पण दुसऱ्या बाजूला हैदराबाद होतं. या तळ्यातला जीव गेला की उद्या या काठावर कुणी नसेल, बांधापलीकडून पाठमोरा बसू दिसायचा तोही दिसणार नाही. आतापर्यंत तेवढ्यावर तिनं दिवस काढले होते. तिनं पदर खोचला आणि ती घराकडे पळत सुटली. वारूळ तसंच राहिलं.

आण्णा देवघरात पूजेला बसले होते. डाव्या तळहातावर लिंग, नजर त्याच्यावर. या वेळी ते बोलत नसत, आणि त्यांच्याशी कुणी बोलत नसे. त्रिवेणी दारातच बोलायला लागली.

"बसूचे मासे मरायलेत. म्या मारायले. त्याचं जेवण तुमी बंद केलं, म्या न्हाई केलं. रोज त्याच्या वाटचं तळ्यात टाकलं, आन् आता त्या अन्नानं पाणी सडलं. त्याला पाणी पायजे. त्यो मागणार न्हाई, तुमी देणार न्हाई. तवा म्या किल्ली न्यायले. पाळी मोडली तर माझ्या नावानं मोडली म्हणा."

मागं ईश्वरी ओले केस घेऊन येऊन उभी राहिली होती. "आण्णा, हाताशी लिंग हाय तुमच्या," ती म्हणाली. "जीव जायलेत तिकडं."

आण्णांची नजर हलली नाही. विभूती लावलेलं कपाळ तेवढं ओलं दिसत होतं. किल्ली त्यांच्या पलीकडच्या भिंतीला खिळ्याला होती. तिथं जायला वाट नव्हती, मध्ये त्यांचं आसन होतं. त्रिवेणी पुढं झाली आणि अडखळली. तेव्हा आण्णांनी उजवी मांडी थोडी आवरून घेतली. पाऊल मावेल एवढी जागा झाली. तिनं किल्ली काढली.

मोटार सुरू झाली. बसूनं तिवईवर उंच बांधलेल्या पाईपातून पाणी आलं, खाली टांगलेल्या पत्र्यावर आदळलं आणि फुटून तळ्यात पडायला लागलं. ईश्वरी लुगडं खोचून चाळणीनं लाह्या गोळा करायला लागली, त्रिवेणी बाभळीच्या कोपऱ्यातला गाळ बादलीनं उपसायला. बसू तळाचं पाणी दुसऱ्या पाईपनं मोसंबीला सोडत होता.

लाईटीचा मात्र भरवसा नव्हता. विजेचा दाब कमी झाला आणि मोटार बंद पडली. पाण्याची धार तुटली. बसू विहिरीकडे पळायला निघाला, तोच धार पुन्हा सुरू झाली. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. बंद पडली आणि आपोआप सुरू झाली.

"कोण हाय इहिरीवर?" बसू म्हणाला.

त्रिवेणीनं वळून बघितलं. लिंबाखाली पांढरं धोतर दिसत होतं. पेटीपाशी बसलेलं.

"तुझा आण्णा."

बसूनं तिकडे बघितलं. मध्ये सोयाबीनचं एक रान होतं, बस्स. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. त्यानं हाक मारली नाही. पाईपाचं तोंड धरून तो उगाच नीट करत राहिला, ते आधीच नीट होतं.

दुपारकडे आभाळ एका जागी फाटलं आणि पाण्यावर ऊन पडलं. तोंडं एकेक करून दिसेनाशी झाली. कोपऱ्यातले दांडगे मात्र काठाला पांढरे पडले होते. बसूनं ते बाहेर काढले, बांधापलीकडे खड्ड्यात पुरले. पंचमीला जमीन खणायची नसते, पण ते कुणी बोललं नाही.

ईश्वरी घरी जाऊन ताट घेऊन आली. ताटात दिंडं, त्यावर तुपाची धार.

"तोंड दाखव," ती बसूला म्हणाली. "उपास सोडायचाय मला. आन् तू खाल्ल्याबगर म्या खाणार न्हाई."

"घरात बोलावलं कुणी?"

"घरच इथं आलंय की रे," त्रिवेणी म्हणाली. "एक इहिरीवर बसलंय, दोन तुझ्या बांधावर. आजून काय बोलावायचं?"

बसूनं हात धुतले. उभ्यानंच दिंड उचललं, मोडलं, खाल्लं. त्रिवेणी त्याच्या घशाकडे बघत होती. पहिला घास गेला. तिला वाटलं हे असंच चालू राहावं, ताटातलं सरूच नये. दुसरा घास गेला, आणि पलीकडच्या कोपऱ्यात पाणी उडालं. "थांब गं, बघून येतो," म्हणून तो अर्धं दिंड ताटात टाकून पळाला.

"बसू," तिनं मागून विचारलं, "हैदराबाद?"

"बघू," तो न वळता म्हणाला.

ती वाट बघत थांबली. तो परत आला नाही. पाण्यात छातीपर्यंत उतरून काहीतरी करत राहिला. रोजच्या सवयीनं तिचा हात ताटातल्या अर्ध्या दिंडाकडे गेला, पाण्याकडे वळला आणि तिथंच थांबला. मग ताटावर पदर घालून ती घराकडे निघाली.

वाट विहिरीवरूनच होती. आण्णा लिंबाच्या बुंध्याला टेकून बसले होते, एक हात पेटीवर. सकाळपासून ते उपाशी होते.

"किती गेले?"

"मोठे गेले. बाकीचे खाली गेलेत. खाली गेले म्हंजे बरं, म्हणला."

"म्हणला का." आण्णा तळ्याकडे बघत होते. "जेवला?"

"दोन घास खाल्ले अन् पळाला."

आण्णांनी हात पुढं केला. "आण इकडं. टाकू नको."

"उष्टं हाय त्याचं."

"म्हाईत हाय."

त्यांनी ते अर्धं दिंड खाल्लं, सावकाश. पाईपाच्या सांध्यातून गळणारं पाणी ताटात घेतलं, बोटांनी ताट धुतलं आणि पिऊन टाकलं. तेवढ्यात दाब उतरला, मोटार बंद पडली. आण्णांनी ताट खाली ठेवलं आणि पेटीतलं हिरवं बटण पुन्हा दाबलं.